घरची पेशंट

आईनं इस्त्री उभी करून ठेवली आणि डाव्या तळहातानं जबडा दाबून धरला. मुलीच्या गणवेशाची एक बाही अजून व्हायची होती.

"दाढ परत ठणकतेय मेली. आणि पाठीत कसं भरून आल्यासारखं झालंय."

"काल एकटीनं सगळे पडदे धुतलेस ना? फिटली हौस?" मुलगी बुटाची नाडी बांधत म्हणाली.

"सिनियर सिस्टर झालीस म्हणून शिंगं फुटली वाटतं."

"फुटणारच. वळण कोणाचं?"

आई हसली, तशीच गाल धरून. मग राहिलेली बाही उरकून तिनं गणवेशाची घडी पुढे केली. मुलीनं घड्याळ पाहिलं, घडी पिशवीत सारली, "संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकडे जाऊ," म्हणाली आणि जिना उतरली.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. मुलगी घरी पोचली तेव्हा आई गेलेली होती. हृदयविकाराचा झटका.

एकतीस वर्षं आईनं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात सिस्टर म्हणून काढली होती. दारातून आत येणाऱ्याचा रंग बघून ती खाट रिकामी करायला लावायची. तिची भुवई चढली की डॉक्टर हातातला चहा खाली ठेवत. मुलगी त्याच विभागात, तिच्याच हाताखाली तयार झाली. साठी उलटलेली बाई, जबडा, पाठ. दुसरं कुणी हे बोललं असतं, तर मुलीनं बुटाची नाडी तशीच सोडून तिला ईसीजीला नेलं असतं. भेटायला येणारे म्हणत, काही कळायच्या आत गेली, पुण्यवान. मुलगी मान हलवायची. सकाळचं बोलणं तिनं कुणाजवळ काढलं नाही.

विसाव्या दिवशी ती कामावर निघाली, तेव्हा काकू जिन्यात भेटल्या.

"तुझ्यावर फार भिस्त होती गं तिची. त्या दिवशी मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन ये. तर म्हणे, लेकीच्या कानावर घातलंय. तिच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. काही असतं, तर फरफटत नेलं असतं तिनं मला."

मुलीनं कठडा धरला.

"उशीर होतोय, काकू."

ती जिना उतरली आणि इस्पितळाकडे निघाली.

विभागात शिरताच डाव्या हाताला पहिलं टेबल. कुणाला आधी आत घ्यायचं, ते इथे ठरतं. दोन महिन्यांपूर्वी लागलेली सिस्टर तिथे बसली होती. समोरच्या बाकावर एक वयस्क बाई पोटाशी हात धरून डोळे मिटून होत्या.

"त्या स्वतः डॉक्टर आहेत, मॅडम. पित्त झालंय म्हणाल्या, म्हणून बसवलंय."

"तू काय विचारलंस?"

"त्यांना मी काय विचारणार? त्यांनाच जास्त कळतं."

मुलगी बाकापाशी उकिडवी बसली. कधीपासून दुखतंय, दुखणं कुठे सरकतं का, घाम आला का, जिना चढताना दम लागला का.

"अहो सिस्टर, चाळीस वर्षं हेच प्रश्न मी लोकांना विचारलेत!"

"मग उत्तरं पटापट येतील."

ईसीजी स्वच्छ निघाला. तासाभरानं पुन्हा काढला, तोही तसाच. रक्ताच्या तपासणीतही काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी चष्मा पुढे ओढून कागद स्वतः वाचला, "सांगत होते ना, पित्त," म्हणाल्या आणि पर्स उचलून तरातरा निघून गेल्या.

नवी सिस्टर हळूच म्हणाली, "निघालं काहीच नाही. पण तुम्हाला शंका कशी आली? सगळे म्हणतात, ही नजर तुमच्या आईंची. रक्तातच आहे तुमच्या."

यावर द्यायचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. हसून "हो ना" म्हणायचं. मुलीनं टेबलावरच्या कागदांची चळत नीट लावली. नीटच होती ती, तरी पुन्हा लावली.

"माझ्या आईचा जबडा दुखत होता," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "पाठ भरून आली होती. सकाळी तिनं मला सांगितलं होतं. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही."