गप्प बसणं फुकट

मी वकीलसाहेबांच्या ऑफिसातलं घड्याळ बोलतोय. घड्याळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एक तोंड आलं असेल. मला दोन आहेत. एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन तबकड्या आणि डोक्यावर दोन खटके. एक खटका दाबला की एक तबकडी चालते, दुसरा दाबला की दुसरी, आणि दोन्ही खटके सारखे धरले की दोघी बंद. सख्ख्या जावांना जन्मात जमत नाही ते मला जमतं. एक बोलत असली की दुसरी गप्प राहते.

माझा जन्म खरा बुद्धिबळासाठी. कारखान्यातून थेट एका क्लबात गेलो आणि वर्षानुवर्षं टपल्या खाल्ल्या. चाल खेळून झाली की खेळाडू माझ्या डोक्यावर हाणायचा, आणि हरत असला तर जरा जास्तच जोरात. चुका त्यांच्या, मार मला. पुढे क्लब बंद पडला, टेबलं-खुर्च्या गेल्या, आणि मी जुन्या बाजारात एका लंगड्या पंख्याशेजारी येऊन पडलो.

तिथे साहेबांनी मला उचललं. त्या दिवशी साहेब फार दुखावलेले होते. एका ठेकेदार अशिलानं त्यांचं बिल टेबलावर आपटून विचारलं होतं, "हे तास मोजलेत, की मनाला येतील तसे टाकलेत?" साहेबांनी मनाला येतील तसेच टाकले होते. पण माणूस मुळातला सरळ, त्यामुळे बोलणं झोंबलं. यापुढे हिशेब चोख ठेवायचा असं त्यांनी ठरवलं आणि मला काखोटीला मारून ऑफिसात आणलं.

नियम असा झाला. अशील बोलायला लागला की डावी तबकडी, साहेब बोलायला लागले की उजवी. पैसे दोन्हींचे. कुणीच बोलत नसेल तर मी बंद. "गप्प बसण्याचे पैसे मी घेत नाही," असं साहेब छाती पुढे काढून सांगायचे. आपल्यासारखा प्रामाणिक वकील दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

टाइपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, 'या, बसा' हे तुमच्या बाजूला धरू ना? आणि ते 'बसतो' म्हणाले, ते त्यांच्या?"

"अर्थात," साहेब म्हणाले. बाईंनी एक भुवई वर केली आणि तसंच बिल टाइप केलं.

थोड्याच दिवसांत अशील नमस्कार करेनासे झाले. नुसती मान हलवून बसायचे. एका गृहस्थांना बोलता बोलता शिंक आली, तर ते दाराबाहेर जाऊन शिंकून आले. दुसऱ्या एकानं सगळी तक्रार एका दमात सांगून टाकली आणि धापा टाकत बसला. साहेबांना अक्षर कळलं नाही. ते "पुन्हा सांगा" म्हणाले, तर गडी माझ्याकडे बोट दाखवून मानेनंच नको म्हणाला. मी मात्र खूश होतो. जो येईल तो माझ्याकडे टक लावून बघायचा, आणि मला वाटायचं, काय आपला रुबाब आहे!

मग लाँड्रीवाली काकू आली. बाजाराच्या रस्त्यावर तिचं भाड्याचं दुकान. नवरा गेल्यावर तिनं तेच चालवून लेक वाढवली, शिकवली. आता जागेचा मालक कोर्टात गेला होता. म्हणे काकूनं दुकानात एक परका माणूस परस्पर पोटभाडेकरू म्हणून ठेवलाय, तेव्हा जागा खाली करून द्या. दुकान गेलं असतं तर काकूच्या हातात इस्त्रीखेरीज काही उरलं नसतं, आणि इस्त्री रस्त्यात उभं राहून करता येत नाही.

"दुकानात बसतो तो माणूस कोण?" साहेबांनी विचारलं. तबकडी चालू झालेली काकूनं बघितली. तिनं ओठ घट्ट मिटले आणि हात वर केले. आधी दोन्ही हातांवर तान्हं मूल झुलवलं. मग मिशीला पीळ दिला. मग दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवल्या. मला कळलं हो! मूल म्हणजे लेक, मिशी म्हणजे पुरुष, करंगळ्या म्हणजे लग्न. जावई आहे बाईचा. पण मला विचारतो कोण?

साहेबांनी विचार केला आणि लेखी उत्तरात घातलं की सदर मिशीवाला इसम मूल सांभाळायला ठेवलेला नोकर असून त्याचे व काकूचे संबंध सलोख्याचे आहेत. "वाचून दाखवू का?" त्यांनी विचारलं. साहेबांनी वाचायचं म्हणजे उजवी तबकडी चालणार. काकूनं घाईघाईनं नको म्हणून मान हलवली आणि न ऐकताच सही ठोकली.

कोर्टात काय झालं ते टाइपिस्टबाईंनी परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना. मालकाच्या वकिलानं विचारलं, मूल कुठे आहे? मूल बँकेत नोकरीला. सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी काकूला विचारलं, "बाई, हा माणूस तुमचा कोण?" काकूला सवयच जडली होती. साहेब शेजारी उभे आहेत असं बघून तिनं पुन्हा मूल झुलवलं, मिशी पिळली. न्यायाधीश म्हणाले, "बाई, इथे बोलायचे पैसे पडत नाहीत." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "शेवटची संधी देतो. पुढच्या तारखेला नीट उत्तर द्या, नाहीतर जागा मालकाची."

दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आली ती तरातरा. बसली, आणि हात लांब करून तिनंच माझा खटका दाबला. जन्मभर इस्त्री दाबलेला हात तो. माझ्या सगळ्या चाकांना झिणझिण्या आल्या.

"होऊ दे किती व्हायचे ते," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही माणूस वाईट नाही. पण तुमच्यापुढे बसलं की मला माझीच गोष्ट महाग वाटते. लेक माझी, जावई माझा, दुकान माझं, आणि तोंड उघडायचं तर आधी या डब्याकडे बघायचं."

डबा! मला. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून मी राग गिळला.

मग ती बोलत सुटली. नवऱ्याचं आजारपण, दुकानात रचलेल्या कपड्यांवर झोपलेली लहानगी लेक, जावयाचा कारखाना बंद पडला आणि तो दुकानात बसायला लागला ते. "आणि मालकाला काय हे ठाऊक नाही? लग्नात हादडून गेला की मेला. फोटोत जावयाच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. अंगातला कोट मीच इस्त्री करून दिलेला. त्याचे पैसे अजून यायचेत."

साहेब ताडकन उठले. "फोटो आहे? अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

काकूनं माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी हलक्या हातानं माझे दोन्ही खटके सारखे केले. टपली न मारता माझ्या डोक्याला कुणी हात लावल्याची ती पहिलीच वेळ.

"काकू, पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले. "काम संपेपर्यंतची फी एकच. किती ते मी आत्ताच सांगतो. नंतर वर एक पैसा नाही. आणि उत्तर वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. मी घाई केली तर माझ्यावर ओरडा."

पुढच्या तारखेला फोटो कोर्टासमोर ठेवला. मालक आधी जावयाला ओळखेना, पण कोट त्याला ओळखावाच लागला. दुकान राहिलं. काकूनं त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून मोकळेपणी रडून घेतलं, असं बाई सांगत होत्या. या वेळी बाई हसत नव्हत्या.

आता मी कपाटावर असतो. दोन्ही तबकड्या बंद, अंगावर धूळ. ऑफिसात भयंकर बडबड वाढली आहे. फी आधीच ठरलेली, त्यामुळे लोक जिभेला आवर घालत नाहीत. कधीकधी साहेब डोकं धरून माझ्याकडे आशाळभूतपणे बघतात. बाई लगेच खाकरतात. साहेब पुन्हा अशिलाकडे वळतात.

काल एक म्हातारेबुवा आले. आमची जुनी कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली असणार. मला बघून ते दारातच थबकले. तोंड उघडलं, मिटलं, आणि हात खाणाखुणांसाठी वर गेला. साहेबांचा इस्त्री केलेला काळा कोट द्यायला काकू आलेली होती. तिनं म्हाताऱ्याचा हात धरून खाली केला. "ते बंद आहे, बाबा," ती म्हणाली. "काय असेल ते नीट सांगा."

म्हाताऱ्यानं एक मोठा सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली ती आपल्या पणजोबांपासून. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कान दिला.

तेव्हा मंडळी, या ऑफिसात कधी आलात, तर माझी दोन तोंडं बघून गंमत वाटेल, हात शिवशिवतील. एवढंच करा, मला चावी देऊ नका. म्हातारेबुवा आज पुन्हा येणार आहेत, आणि त्यांचं अजून आजोबांपर्यंतच आलंय.