खोक्यातली हळद

दुर्गा चैत्रात गेली. त्याआधी, शिमगा सरल्यावर, तिने परसातली हळद खणली होती. उकडायची वेगळी काढली आणि बियाण्याचे गड्डे निवडून एका मडक्यात राखेत पुरून ठेवले. हे ती दरवर्षी करायची. शेत माझं आणि परस तिचं, अशी आमच्यात वाटणी होती. ती कोणी केली नव्हती, आपोआप पडत गेली होती.

दिवसकार्य उरकल्यावर आमच्या मुलाला, सुशांतला, मस्कतला परत जायचं होतं. जाण्याआधी त्याने मला मालवणला आणून सोडलं. इथे त्याने तळमजल्यावरचा एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. बांद्याच्या पलीकडे आमच्या गावात मी एकट्याने राहू नये असं त्याचं म्हणणं. डॉक्टर जवळ, बाजार जवळ. मी नाही म्हटलं नाही. तेव्हा मी कशालाच नाही म्हणत नव्हतो.

"बाबा, मागच्या दारी पॅटिओ आसा," तो म्हणाला. "झाडा लावा. वेळ जायत."

पॅटिओ म्हणजे टाइल्स घातलेली जागा. दोन खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढी. तिन्ही बाजूंना भिंत, वर दुसऱ्यांची बाल्कनी. माती कुठेच नाही.

दुर्गाचं मडकं मी गाडीत मांडीवर घेऊन आलो होतो. हळद गावी लावायचा प्रश्नच नव्हता. परसाच्या जागी पुतण्याने टेम्पो लावायला कोबा घातला होता. त्याने मला विचारलं होतं. त्यालाही मी नाही म्हटलं नव्हतं. तेव्हा तिच्या हळदीचं जे काही उरलं होतं ते त्या मडक्यात. या पावसात रुजली तर रुजली. नाहीतर पुढच्या वर्षी बी नाही.

मासळी बाजारातून मी थर्माकोलचे खोके आणले. मासे संपले की ते फेकूनच देतात. घासून धुतले तरी बांगड्याचा वास गेला नाही. कुंभारमाठला एका घराचा पाया खणत होते, तिथून रिक्षातून लाल माती आणली. शेण आणलं. मग आमच्याकडे करतात तसं करायला घेतलं. भाताचा तरवा, म्हणजे रोपांसाठीचं बी, पेरण्याआधी आम्ही जमीन भाजतो. वर शेण आणि पालापाचोळा पसरायचा आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, कीड मरते. मी माती टाइल्सवर पसरली, वर शेण आणि सुका पाला घातला आणि काडी लावली.

धूर भिंतींमधून सरळ वर गेला.

"खालच्यानू, घर जाळतास काय?"

वरच्या बाल्कनीतून एक बाई वाकून बघत होत्या. त्या जानकीबाई. त्यांचा नवरा ट्रॉलरवर खलाशांचा तांडेल आहे. घरात मुलगे, सुना, नातवंडं. दिवसभर वरून भांड्यांचे आणि भांडणाचे आवाज येत, त्यावरूनच मी त्यांना ओळखत होतो. त्या पदर नाकाला लावून खाली आल्या.

"काय चाललाहा ह्या, भाऊ?"

"माती भाजतंय. हळद लावची आसा."

"भाजूक ही काय तुमची शेतजमीन? टाइल आसा ती. माझे वाळत घातलेले कपडे सगळे धुपले. घोव विचारतलो, खंयच्या धुनीक बसलंस गो म्हणान."

मला हसू आलं असतं, पण खोकला आला. तेवढ्यात एक टाइल ताडकन फुटली.

"झाला समाधान?" त्या म्हणाल्या.

मी बादलीभर पाणी ओतलं आणि चुकलं म्हणून सांगितलं.

"नुसत्या चुकला म्हणान काय होता? हळद लावतास तर माकाय बी देवा. नागपंचमीक पातोळ्यांची पाना दरवर्षी बाजारातसून आणूची लागतत."

मी मडक्याकडे बघितलं. द्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण बी मागायला आलेल्याला दुर्गाने कधी रिकाम्या हाताने पाठवलेलं मी बघितलं नव्हतं. बी एकाच घरात ठेवू नये, असं ती म्हणायची. मी राखेत हात घालून गड्डे चाचपले आणि त्यातले बारके बघून मूठभर काढून दिले.

जानकीबाईंनी ते तळहातावर हलवून बघितले. मग पदरात बांधून वर गेल्या.

मिरग लागल्यावर मी बाकीचे सगळे गड्डे लावले. खोक्यांना बुडाशी भोक असतं, बर्फाचं पाणी जायला. पहिल्या पावसात त्यातून पाणी वाहून जाताना बघून मला चैन पडेना. शेतात कुर्ल्या मेरेला, म्हणजे बांधाला, भोकं पाडतात, आणि ती बुजवण्यात माझा जन्म गेला. मेरेतून पाणी गेलं तर भात मेलं. मी चिकणमाती मळून सगळी भोकं आतून बाहेरून घट्ट बुजवली.

मग पाऊस धरून बसला. खोक्यांत पाणी साचलं. लावणी केलेल्या भाताच्या कुणग्यासारखं ते दिसायचं आणि मला बरं वाटायचं. सुशांतला मी फोनवर दाखवलं.

"पाणी जास्त नाय मा जाला, बाबा?"

"शेतीतला तुका काय कळता?"

तो हसला. त्याची ड्युटीची वेळ झाली होती.

दिवसभर मी मागच्या दारात बसून खोक्यांकडे बघायचो. दुसरं काम नव्हतं. एकदा संध्याकाळी बाजारात भाजीवालीने काय देऊ म्हणून विचारलं, तर माझा आवाजच नीट फुटेना. सकाळपासून मी कोणाशी बोललोच नव्हतो. वर माणसं जेवायला बसली की पाटांचा आवाज यायचा. कोणाला तरी ओरडून बोलवायचे. मग मीही आत जाऊन जेवून घ्यायचो.

आषाढ सरत आला तरी एकही कोंब वर येईना. शेवटी मी खोक्यात हात घातला. गड्डा हाताला लागला आणि बोटांनी धरल्याबरोबर चेपला. आतून पाणी निघालं, वास आला. दुसरा तसाच. मी सगळे खोके उकरले. एकही धड नव्हता. मडकं उलटं केलं, पण त्यातून नुसती राख पडली.

कुजलेलं सगळं पिशवीत भरून मी टाकून आलो. खोके तसेच राहू दिले. सुशांतचा फोन आला की मी फोन तोंडासमोर धरायचो, मागचं दार दिसू द्यायचो नाही.

"हळद कशी आसा?"

"बरी आसा."

नागपंचमीला घरात काही करायचं नव्हतं. माणूस गेलं की पहिलं वर्ष आमच्याकडे सण करत नाहीत. गोड शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं. पण इथे मला ओळखणारं कोण, म्हणून मी पेज शिजवली होती. दुपारी दार वाजलं. जानकीबाई झाकलेली ताटली घेऊन उभ्या होत्या.

"तुमचा वर्ष आसा मा? ह्या घेवा. गरम आसत तवसर खावा."

झाकण काढलं आणि वास आला. हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा. दुर्गा चुलीवरून टोप उतरवायची तेव्हा घरभर यायचा तोच. मी ताटली घेतली.

"पाना तुमचीच," त्या म्हणाल्या. "विश्वास नसलो तर वर येवन बघा."

मी पहिल्यांदाच वर गेलो. बाल्कनीच्या ग्रिलला बूड गेलेले दोन डबे तारेने बांधले होते. खाली जाळीचा तुकडा लावला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. डब्यांत हळद उभी होती, गुडघ्याएवढी. रुंद, हिरवी पानं. काही कापून घेतलेली.

"ह्यात पाणी थांबणा नाय," मी म्हटलं.

"थांबला तर हळद कुसतली मा. तुमची कशी आसा?"

"सगळी कुसली."

जानकीबाईंनी डब्यांकडे बघितलं. आत पोरं भांडत होती, त्यांना त्या ओरडल्या नाहीत.

"एक डबो खाली न्हेवा," त्या म्हणाल्या.

मी पानाला हात लावून बघितला. न्यावासा वाटत होता. खाली नेला तर रोज समोर दिसला असता. पण माझा हात भाताचा.

"नको. हयच रवांदे. शिमगो जाल्यार खणशात तेव्हा बी देवा."

"खणूक तुमीच येवा. माझी कंबर वाकणा नाय." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि बारकेच देतलंय हां, भाऊ. तुमी दिलास तसले."

मी मान खाली घातली. त्या हसत होत्या.

खाली येऊन मी पातोळे खाल्ले. पानं फेकवली नाहीत. धुऊन खिडकीत वाळत ठेवली. मग पेटीतून एक मोठा खिळा काढला, मागच्या दारी बसलो आणि खोक्यांची भोकं मोकळी करायला घेतली. माती घट्ट बसली होती, मीच बसवली होती. एकेक बूच सुटलं तसं पाणी बाहेर आलं आणि फुटलेल्या टाइलवरून गटाराकडे गेलं. पाऊस परत लागला. बराच वेळ खोक्यांतून लाल पाणी जात होतं. त्यात लावायला अजून काही नव्हतं.