हजर बारा

आमच्या शिवणकाम सोसायटीत एक पद्धत आहे. ज्याच्या घरच्या माणसाचा विषय असेल, त्याने मतदानाच्या वेळी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसायचं. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. इस्त्रीवाले दादा तर सगळ्यांच्या आधी उठतात. माणूस इतका सरळ, की कधी कधी डोक्यात जातो.

त्या दिवशी विषय त्यांच्याच बहिणीचा होता. तिचा नवरा आमच्याकडे कापड बेतायचा. तो गेला आणि बेतायचं टेबल रिकामं पडलं. तसं त्याच्या आजारपणात तो नुसता खुर्चीत बसून सांगायचा, कात्री हीच चालवायची. मी काज-बटणाच्या मशीनवरून रोज बघत होते. पण टेबल मिळतं ते सभासदालाच, आणि नवा सभासद घ्यायचा तर सभेत मतं हवीत. नाही मिळाली, तर दोन्ही मुलींना घेऊन ती दिराच्या दारात जाणार होती. दीर कसा आहे हे ती मला एकदाच बोलली होती. मला तेवढं पुरलं.

सभेत ती चार वाक्यं बोलली. खडूने पांढरी झालेली बोटं मुठीत लपवून बोलली. मग बाहेर निघाली, तसे दादाही उठले. तिने त्यांना दारातच अडवलं.

"दादा, तू आत बस. माझ्यामागे ह्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं, तर आपलं माणूस असू दे."

बहिणीचा शब्द दादांनी कधी मोडला नव्हता. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

वेडंवाकडं कुणी बोललंच नाही. गेलेल्या माणसाच्या बाबतीत आम्ही तितकेही वाईट नाही. एकाने फक्त विचारलं, की जाड कापडाचे थर तिला झेपतील का. आजवर ते थर कोण कापत होतं, असं मी विचारल्यावर त्याने विषय सोडला.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा," मास्तर म्हणाले. मास्तर आमचे अध्यक्ष.

मी हात वर केला आणि शेजारी पाहिलं. दादा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मी कोपराने ढोसलं.

"दादा, हात."

"माझीच बहीण गं. मी कसा वर करू? मी कुणाच्याच बाजूने नाही."

बाजूने सहा, विरोधात पाच. मी तर हसलेसुद्धा. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बातमी वाईट असली की ते असंच करतात.

"हजर बारा," ते म्हणाले. "नवीन सभासदाला हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ज्याने मत दिलं नाही, तोही हजरच धरायचा. सहा म्हणजे निम्मीच झाली. विषय नामंजूर."

"मग दादा करतील की आता हात वर," मी म्हणाले.

"मोजणी झाली. आता वर्षभर हा विषय घेता येत नाही."

मास्तरांचा स्वतःचा हात बाजूने होता, त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येईना. रिकाम्या टेबलाकडे बघून माझा जीव नुसता तुटत होता.

"मास्तर," दादांनी हळूच विचारलं, "मी बाहेर बसलो असतो तर?"

मास्तर कागद आवरायला लागले. दादा त्यांच्याकडे बघतच राहिले, तेव्हा ते म्हणाले, "हजर अकरा झाले असते. अकरात सहा चालतात."

दार ढकलून ती आत आली. आमच्या माना खाली गेलेल्या बघून तिला काय ते कळलं असावं. ती सरळ भावापाशी गेली.

"कुणी काही बोललं का ह्यांच्याबद्दल?"

"नाही गं. कुणी नाही."

"मग असं कसं झालं? तू होतास ना आत?"

"होतो," दादा म्हणाले. मांडीखालचे हात त्यांनी अजून बाहेर काढले नव्हते.