मॉर्निंग मिल्क की इव्हनिंग मिल्क

चाकणच्या गाडी-कारखान्यात अण्णासाहेबांनी एकतीस वर्षं रंग तपासला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आणि कासारवाडीच्या घरात "जेवता का?" यापलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे मुलानं, सनीनं, हॉलच्या भिंतीवर रंगाऱ्यानं ओढलेल्या नमुन्याच्या दोन पट्ट्या दाखवून "अण्णा, यातला कुठला?" म्हटलं, तेव्हा म्हातारा कामावर हजर झाला.

एक होता मॉर्निंग मिल्क, दुसरा इव्हनिंग मिल्क. दूध तेच, धार काढायची वेळ तेवढी निराळी. सुनेला, मिनलला, मॉर्निंग हवा होता. सनीला फरकच दिसत नव्हता, पण मत होतं.

"असं उभ्या उभ्या पास करत नसतात," अण्णासाहेब म्हणाले आणि कारखान्याच्या रीतीनं तपासणी सुरू झाली. समोरून, उजवीकडून, डावीकडून. उन्हात, ट्यूबलाइटखाली. जिथे कण दिसेल तिथे खडूनं गोल. चार दिवसांत भिंतीला देवी आल्या.

पाचव्या दिवशी चिमाजी रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. "अण्णा, ही भिंत हाय, गाडी न्हाई. शोरूमला धाडायचीय व्हय?"

"घाई केली की माल परत येतो."

मिनल नवऱ्याला म्हणाली, "विचारलंस ना हौसेनं? भोग आता."

सहाव्या दिवशी निकाल लागला: इव्हनिंग. मॉर्निंगमध्ये पिवळेपणा किंचित जास्त. निकाल देऊन अण्णासाहेब दोन दिवस लेकीकडे जाऊन आले. येऊन बघतात तो हॉल रंगून तयार.

"तुमचाच लावला, अण्णा!" सनी म्हणाला. मिनल फार मन लावून पडदा सारखा करत होती.

तो किंचित पिवळेपणा चारही भिंतींवरून अण्णासाहेबांकडे बघत होता. एकतीस वर्षांत चुकीच्या रंगाचं एक दारही त्यांनी पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यासाठी ते साहेबांशी भांडले होते. पण साहेबांना दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच विचारावं लागे. इथे भांडलं, तर पुन्हा कोण विचारणार?

"झकास," ते म्हणाले. "इव्हनिंगचं हेच तर आहे. डोळ्याला शांत."

कोपऱ्यात डबे आवरत असलेल्या चिमाजीला ठसका लागला.

"अण्णा, बेडरूमचंही तुम्हीच ठरवा," सनी खुशीत म्हणाला. "सावकाश बघा. रंगवायची पुढच्या वर्षी आहे."

"खिडकी पूर्वेची ना?" अण्णासाहेबांनी लगेच विचारलं.