नाण्याखालची चिठ्ठी

परवा नातसुनेने नाण्यांसाठी एक अल्बम आणला. पारदर्शक प्लास्टिकची पानं, प्रत्येक पानाला वीस कप्पे.

"आजी, ते लाकडी ट्रे उचलताना तुमचे खांदे निखळतील एक दिवस. यात भरून टाकू सगळं."

मी म्हटलं, मऊ प्लास्टिकला काही वर्षांनी घाम सुटतो आणि नाण्यांवर हिरवा चिकट थर चढतो. हे खरं आहे आणि तिला पटलंही. पण माझी अडचण वेगळीच होती. ती नाणी जागची हलवायची म्हटलं की मला अजून भीती वाटते. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी वाटते.

माझे सासरे घड्याळजी होते. खाली दुकान आणि वर आम्ही. बंदर जवळ असल्यामुळे गिऱ्हाइकांत निम्मे खलाशी. मजुरी देताना कुणाच्या खिशातून परक्या मुलखाचं नाणं निघालं की मामंजी म्हणत, "एवढंच द्या, बाकी राहू दे." अशी दोनशे अठ्ठ्याऐंशी नाणी जमली होती. त्यांच्यासाठी त्यांनी सुताराकडून बुटकं कपाट करून घेतलं होतं. आत बारा उथळ ट्रे, ट्रेमध्ये चोवीस गोल खळगे, खळग्यांच्या तळाला हिरव्या बनातीचं जाड लोकरी कापड. कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवायचं नाही, कारण वाफ लागते. आत वाटीभर खडू ठेवायचे, ते ओल शोषतात. नाणं कडेने धरायचं, छाप्यावर बोट लावायचं नाही. आणि घासायचं तर मुळीच नाही. "चकचकीत करायला ते काय पितळेचं भांडं आहे?"

प्रत्येक नाण्याखाली एक गोल चिठ्ठी. नाणंच कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि नखं कापायच्या कात्रीने तो गोल कापायचा. मागच्या बाजूला ट्रेचा आणि खळग्याचा आकडा. पुढच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात ते नाणं कुणी दिलं ते. 'लाल दाढीचा खलाशी. घड्याळ समुद्रात पडलेलं. चाललं.' 'शाळेतल्या बाई. रोज उशीर होतो म्हणून काटे पुढे करून घेतले.' 'दंतवैद्य. नवी काच. रडत होता.'

देश नाही, साल नाही, किंमत नाही. मी नवीन होते, विचारलं, "हे का नाही लिहिलं?"

"ते नाण्यावर छापलेलंच असतं, सूनबाई. छापलेलं परत कशाला लिहायचं?"

लग्न होऊन चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मामंजींचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा असल्या दुखण्यालाही आठ-दहा दिवस इस्पितळात ठेवत. निघताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. आमच्या ह्यांच्या हातात दिली असती तर ती पहिल्याच दिवशी हरवली असती.

"खडू तेवढे बदल," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मी खडू बदलायला कपाट उघडलं आणि सगळ्यात खालच्या ट्रेमधून चंदेरी किडा सळकन पळाला. कसर! नाणं उचलून पाहिलं तर खालच्या चिठ्ठीची कड कुरतडलेली. शेजारच्या खळग्यात तेच. मी दुसरा ट्रे ओढला, तिसरा ओढला. म्हटलं, मामंजी घरी येईपर्यंत हे किडे सगळी अक्षरं खाऊन बसतील.

नीटनेटकेपणाची मला लहानपणापासून खोड. बाराही ट्रे रिकामे करून गच्चीत उन्हाला लावले. नाणी मामंजींच्या खोलीत पलंगावर चादरीवर ठेवली, पांढरी एकीकडे, तांब्याची एकीकडे, पिवळी एकीकडे. चिठ्ठ्या एकेक करून मऊ ब्रशने झाडल्या आणि लहानमोठ्या बघून त्यांच्या चळती लावल्या. दुपारी तीनला सगळं इतकं सुबक दिसत होतं की मलाच माझं कौतुक वाटलं.

मग ट्रे खाली आणले, पहिली चिठ्ठी उचलली आणि मागचा आकडा बघून तिच्या खळग्यात ठेवली. 'बोटीवरचा स्वयंपाकी. किल्ली तुटलेली.' आता यावर ठेवायचं नाणं...

हात तसाच राहिला. चिठ्ठ्यांना आपापलं घर ठाऊक होतं. नाण्यांना नव्हतं. स्वयंपाक्याने कोणतं नाणं दिलं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो इस्पितळात पडून होता.

चादरीकडे बघवेना.

संध्याकाळी मामंजींना भेटायला गेले, तर पहिला प्रश्न तोच.

"कपाट उघडलंस?"

"हो."

"मग?"

"खडू बदलले."

"बाकी ठीक?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मोठ्याने खोकत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. "ठीक आहे सगळं," मी म्हटलं. एवढं धडधडीत खोटं मी तोवर कुणाशी बोलले नव्हते. शनिवारी घरी सोडतील म्हणून नर्सने सांगितलं. सगळे खूश झाले. मी मनात दिवस मोजले.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, बायकांचे कपडे शिवायची. अंगाने काटकुळी आणि बोलणं टोचरं, म्हणून घरात तिला सगळे टाचणीच म्हणत. मी मात्र वन्सं म्हणायचे. तिने चादर पाहिली, चळती पाहिल्या, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, हे तू केलंस? मुद्दाम?"

"कसर लागली होती हो वन्सं."

"कसर लागली होती, म्हणून तू आग लावलीस."

मला रडू फुटलं. तशी ती खाली बसली, पिशवीतून शिवणाची टेप काढली, नाकावर चष्मा चढवला. "रडणं मागाहून. आधी मापं. त्यांनी नाण्यावरूनच कागद कापलाय ना? मग ज्याचा अंगरखा त्याला बसेलच."

तीन दिवस दुपारभर आम्ही तेच करत होतो. नाणं चिठ्ठीवर ठेवायचं, कड जुळते का बघायचं. वाकड्या कडांची नाणी लगेच सुटली. भोकाच्या नाण्यांच्या चिठ्ठीवर भोकातून पडलेला पेन्सिलचा ठिपका होता. तांब्याच्या नाण्यांनी कागदावर तपकिरी वर्तुळं उमटवली होती. वन्संची नजर शिंप्याची. दोऱ्याएवढा फरकही तिला कळायचा. "छे, हे खांद्यात ढगळ होतंय," असं म्हणून ती नाणं बाजूला सारायची आणि मला तेवढ्यातही हसू यायचं. मग पायऱ्यांवर पाऊल वाजलं की खोलीचं दार लोटून दोघी गप्प. ह्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ह्यांच्या पोटात काही राहत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी त्रेचाळीस नाणी उरली. सगळी पांढरी, सगळी एका मापाची, आणि डाग न सोडणारी.

"ठेव कुठेही," वन्सं म्हणाली. "चिठ्ठी खाली, नाणं वर. कोण उचलून बघतंय?"

"मामंजी बघतात."

"बघू देत. कळलं तर मी बाहेरगावी गेलेय."

मी डोळे मिटून ठेवल्यासारखी ती त्रेचाळीस नाणी ठेवून दिली.

शनिवारी मामंजी आले. दोन दिवस ते पलंगावरून उठले नाहीत. ते दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ह्यांना वाटलं वेगळंच काही, आणि ते उगाच लाजत हिंडत होते. सोमवारी चहा झाल्यावर मामंजी म्हणाले, "सूनबाई, सातवा ट्रे आण बरं."

सातव्यात माझी अंदाजाने ठेवलेली सहा होती.

वन्सं ब्लाउजला हुक लावत खिडकीशी बसली होती. तिची सुई थांबली. मामंजींनी ट्रे मांडीवर घेतला, डोळ्याला भिंग लावलं, बोट फिरवत फिरवत एक नाणं कडेने उचललं. त्या सहांपैकीच. त्यांनी नाणं तळहातावर ठेवलं. खालची चिठ्ठी काढली, वाचली.

"हां. हा तो दंतवैद्य," ते म्हणाले. "काच बसवली आणि बघतो तर याच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, दुखलं का? तर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला कुणीतरी विचारला!"

ते हसले. वन्सं हसली. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला, म्हणजे सुटलीस. मीही हसले. आणि हसता हसताच मला आठवलं की मी नवीन आले तेव्हा हेच ट्रे दाखवताना मामंजी आधी गोष्ट सांगायचे. पूर्ण. मग नाणं उचलून चिठ्ठी दाखवायचे, वकिलाने कागद दाखवावा तशी. आज त्यांनी चिठ्ठी आधी वाचली होती.

त्यांनी दुसरं नाणं उचललं. चिठ्ठी वाचली. "हा पोस्टातला कारकून." तेही माझ्या सहांतलं होतं.

मला राहवेना. "मामंजी, थांबा. कसर लागली होती म्हणून मी सगळं बाहेर काढलं. त्रेचाळीस नाणी कुठली कुठे ते मला कळलं नाही. मी अंदाजाने ठेवलीत. हे दंतवैद्याचं नसेलही."

वन्संने सुई बोटात टोचून घेतली. मामंजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मला वाटलं, आता किल्ली मागतील.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "आण इकडे."

मी ती सगळी त्यांच्यासमोर मांडली. ते दुपारभर एकेक नाणं भिंगाखाली धरत राहिले. नऊ नाण्यांचं त्यांनी सांगितलं, त्यातल्या दोनांबद्दल 'बहुतेक' म्हणाले. उरलेली त्यांनी हाताने बाजूला सारली. "ही रिकाम्या खळग्यांत ठेव. खाली चिठ्ठी नको. ठाऊक नाही त्याच्याखाली काही लिहायचं नाही." आवाज शांत होता. रागावले असते तर बरं झालं असतं.

वन्सं घरी गेली. मी ट्रे कपाटात सरकवत होते, तेव्हा ते म्हणाले, "पहिला ट्रे दे जरा."

पहिल्या खळग्यात आठ कोपऱ्यांचं एक नाणं होतं, एक कोपरा तुटलेला. त्याची चिठ्ठी आमच्या हातून चुकणं शक्यच नव्हतं. तिच्यावर एकच शब्द होता, 'पहिलं'. मामंजींनी चिठ्ठी वाचली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली.

"हे तुला मी सांगितलं होतं का गं? कुणाचं ते?"

"हो, सांगितलं होतं."

"मग सांग बघू."

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं. तुमचं लग्न व्हायच्या आधी सासूबाई गजराचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या होत्या. गजर भलत्याच वेळी वाजायचा. तुम्ही ते मुद्दाम दोनदा अर्धवट दुरुस्त केलंत, त्या परत याव्यात म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी हे तुटकं नाणं काउंटरवर आपटलं आणि म्हणाल्या, अशा कामाला असली मजुरी.

मामंजी खूप हसले. टाके दुखले म्हणून पोट धरून हसले. आणि त्या हसण्यात मला कुठेही ओळखीचं काही दिसेना. नवीन गोष्ट ऐकून माणूस हसतो तसे ते हसत होते.

घड्याळ सासूबाईंच्या वडिलांचं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "आणि ते घड्याळ त्यांच्या काकांचं होतं." एवढं बोलून थांबले. ते मला खोडतील, छे, काकांचं कुठलं, असं म्हणतील म्हणून वाट बघत राहिले.

मामंजींनी मान डोलावली. "काकांचं," ते म्हणाले, आणि पेन्सिल मागितली.