पेल्याला नको म्हणताना

“पुन्हा सबब सांगितलीत,” बाई म्हणाल्या. “परत पहिल्यापासून.”

लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याने कपाळ पुसलं. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून कोर्टाने त्याच्यासारखीच या वर्गात धाडलेली इतर नऊ माणसं त्याच्याकडे बघून हसत होती. स्टीलचा रिकामा पेला पुढे करून आग्रह करायचं काम त्यांच्यातल्याच एका निवृत्त हेडमास्तरांकडे होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. “पोट बिघडलंय” म्हटलं, की मास्तर म्हणत, “मग सोडा जास्त घालू.”

“सबब दिली की समोरचा ती खोडून काढतो,” बाई म्हणाल्या. “नुसतं नको म्हणा आणि गप्प बसा.”

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नाही म्हणायला शिकवतात, याची त्याला लाजच वाटायची. पण गाडी भिंतीवर घातली तेव्हा शेजारी लेक होती. तिच्या हाताचं हाड सांधलं, पण त्याच्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. म्हणून आठही शनिवार तो मुकाट्याने रिकाम्या पेल्याला नको म्हणत राहिला.

लायसन्स परत मिळालं, त्याच रविवारी मेहुण्याकडे दुपारचं जेवण होतं. बायको दोन दिवस आधीच तिकडे मदतीला गेली होती आणि सोमवारपर्यंत राहणार होती. तो गाडीने गेला, लेक बसने.

मेहुण्याने ग्लास पुढे केला.

“गाडी आहे रे,” तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“गाडी राहू द्या इथेच. टॅक्सी करून देतो भाऊजी. मिटलं?”

सगळे हसले. लेक ताटं हातात घेऊन दारातच थांबली होती.

“नको,” तो म्हणाला.

“एकच. माझ्यासाठी.”

“नको.”

“रागावलात का माझ्यावर?”

“नाही. पण नको.”

मास्तरांच्या मानाने मेहुणा अगदीच कच्चा निघाला. आणखी आग्रह कसा करायचा, ते त्याला सुचेना.

“मग पाणी?”

“हां, पाणी दे.”

ते पाणी त्याने घटाघटा प्यायलं. इतकं गोड पाणी त्याने उभ्या जन्मात प्यायलं नव्हतं, आणि तसं तो मोठ्याने म्हणालाही.

निघताना त्याने लेकीला काही विचारलं नाही. तो गाडीत बसला, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. ती शेजारी बसली आणि तिने पट्टा ओढून लावला.

“बसला वेळ आहे अजून,” ती समोर बघत म्हणाली.

समोरच्या थांब्यावर बस उभी होती. लेकीने सबब सांगितली होती. त्याने ती खोडली नाही.