आवाज न करणारा डबा

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना डबा आहे. दुकानात मला ‘केस’ म्हणतात. पण मराठी घरात केस म्हटलं की कुणी कंगवा शोधतं, तर कुणाला कोर्टकचेरी आठवते. म्हणून आपण डबाच म्हणू. संगणकाचे सगळे भाग माझ्या पोटात बसतात. मला स्वतःला गणितं येत नाहीत आणि चित्रंही दाखवता येत नाहीत. सगळ्यांना धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. सध्या मी नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये, एका मराठी घराच्या बैठकीत, अनिलआबांच्या खुर्चीशेजारी उभा असतो. पण इथवर यायला मला फार वळसा पडला.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्रा कापून, वाकवून त्यांनी मला घडवलं, काळा रंग दिला आणि दोन्ही बाजूंच्या दारांना आतून घोंगडीसारखं जाड कापड चिकटवलं. माझ्याबरोबरच्या इतर डब्यांना काचेच्या खिडक्या मिळाल्या, रंगीत दिवे मिळाले. मला मात्र फक्त वजन मिळालं. मला उचलणारा प्रत्येक माणूस आधी “आई गं” म्हणायचा. परदेशी माणसं आपापल्या भाषेत तेच म्हणत असावीत.

स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकणाऱ्या सत्यजितने मला एका गाव सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून घेतलं. त्याच्याकडे गाडी नव्हती. कॉलेजच्या बसमधून, मांडीवर बसवून त्याने मला घरी आणलं. उतरताना त्याचे दोन्ही पाय बधिर झाले होते. त्याच्या खोलीत राजेश नावाचा दुसरा मुलगा राहायचा. सत्यजितच्या प्रबंधाची लांबलचक गणितं माझ्या पोटात दिवसचे दिवस चालायची आणि राजेश शेजारच्याच पलंगावर खुशाल दुपारची झोप काढायचा. “याचा आवाजच येत नाही यार,” तो सगळ्यांना सांगायचा. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे सत्यजितला नोकरी लागली, नीलांबरीशी लग्न झालं, मॉरिसव्हिलला घर झालं. मग घरात लॅपटॉप आले. माझ्या पोटातले भाग एकेक करून निघाले आणि मी रिकामा होऊन गॅरेजमध्ये गेलो. माझ्या डोक्यावर गणपतीच्या मखराचं खोकं आलं. दर वसंतात गॅरेजचं दार उघडं राहिलं की पाईनच्या झाडांचे पिवळे पराग उडत यायचे आणि मी हळद लागल्यासारखा दिसायचो. एक हिरवा सरडा तर माझ्या पोटात बिऱ्हाड करून राहिला. तो भाडेकरू बरा होता. निदान कुणीतरी आत होतं.

मग आबा आले. आबा म्हणजे नीलांबरीचे वडील. न्यू जर्सीत त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि तपासले. तिथलं, आयसेलिन गावचं घर विकून ते लेकीकडे राहायला आले. रोज सकाळी गॅरेजचं दार उघडून, घडीची खुर्ची माझ्याजवळ टाकून ते रस्त्याकडे बघत बसायचे. त्यांच्या दोन्ही कानांत ऐकू येण्याची मशीन होती.

शाळेला सुट्टी लागली तशी त्यांची नात इला लॅपटॉप घेऊन तिथेच येऊन बसू लागली. हायस्कुलात जाणारी ही मुलगी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलायची आणि दोन्ही भरभर. तिला एक खेळ सापडला होता. समोर नदी असते, दोघांनी मिळून तिच्यावर पूल बांधायचा आणि मग त्यावरून ट्रक सोडायचे.

“आबा, ही तर तुमची स्पेशालिटी!” ती म्हणाली.

आबांचे डोळे चमकले. पण खेळ सुरू झाला की लॅपटॉपचा चिमुकला पंखा जीव खाऊन फिरायचा. घरघर, मग सूं सूं, मग शिट्टीच.

“आबा, सपोर्ट लावा! सपोर्ट!”

“पासपोर्ट? कपाटात आहे ना माझा.”

ट्रक नदीत गेला. दोघंही खूप हसले. दुसऱ्या दिवशीही ट्रक बुडाला आणि दोघं थोडं कमी हसले. पुढे पुढे इला ओरडून बोलायला लागली. ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. एके दिवशी आबा खुर्चीतून उठले.

“तू खेळ बाळा. मला नाही जमत आता हे.”

त्यानंतर ते मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवू लागले. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला नाव दिलं होतं, ते त्यांनी कॅन्सल केलं. जेवतानाही ते बोलत नाहीत, असं नीलांबरी सत्यजितला गॅरेजमध्ये येऊन हळूच सांगायची. “त्यांचं वय झालंय,” सत्यजित म्हणायचा. पण इलाला ते पटलं नाही. एका सकाळी ती आबांच्या अगदी समोर बसली आणि तिने खिशाकडे बोट दाखवलं.

“आबा, हे का नाही घालत?”

आबांनी मशीन कानात घातली. “अगं, यात माणसाचा आवाज मोठा होतो, तसा पंख्याचाही मोठा होतो. मग पंखाच जिंकतो. मी तुझ्या तोंडाकडे बघत हो हो म्हणत राहतो. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.”

त्याच दुपारी इला बाबाला घेऊन गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, “बाबा, मला कॉम्प्युटर बिल्ड करायचाय. स्वतः. एकदम शांत.”

सत्यजित हरखला. त्याच्यातला स्टेट कॉलेजचा मुलगा टुणकन जागा झाला. फक्त ‘शांत’ हा शब्द काही त्याच्या कानात शिरला नाही. शनिवारी दोघं दुकानात गेले आणि गाडी भरून खोकी घेऊन आले. काचेचा झगमगीत डबा, पुढे जाळी, इंद्रधनुष्यासारखे दिवे. आणि चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड तर एवढं लांब, की सत्यजित ते बाळासारखं दोन्ही हातांवर धरून उभा होता.

“हे सगळ्यात फास्ट आहे!” तो म्हणाला.

“पण बाबा, ते लाउड आहे का?”

“आधी बघ तर खरं!”

गॅरेजमधल्या टेबलावर त्यांनी सगळं जोडलं. मी कोपऱ्यातून बघत होतो. खरं सांगतो, मित्रांनो, मला मत्सर वाटला. तो काचेचा पोरगा मोरासारखा झळकत होता. मग खेळ सुरू झाला, कार्ड तापलं, पंखे फिरले आणि जाळीतून सगळा आवाज बाहेर आला. लॅपटॉपची शिट्टी बरी, असा गोंगाट.

आबांना बोलावलं. ते बसले, कौतुकाने बघत राहिले. “छान झालंय गं,” ते म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला.

इलाने तो हात पाहिला. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सत्यजित गोंधळून गेला. “अगं, फास्ट तर आहे ना...”

“इट वॉज नेव्हर अबाउट फास्ट, बाबा! मी हे आबांसाठी करत होते.”

आबांच्या कानांत मशीन होती आणि गॅरेज आता शांत होतं. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला. ते उठले. काय करावं हे न कळून त्यांनी त्या काचेच्या डब्याच्या कडेला टिचकी मारली. टण्ण! त्यांच्या कपाळाला आठी पडली. कित्येक वर्षं त्यांनी पुलांच्या पोटाखाली उभं राहून असल्याच आवाजांचे अर्थ लावले होते.

“पातळ पत्रा आहे. हा पंख्याबरोबर गुणगुणणारच,” ते म्हणाले. मग त्यांची नजर गॅरेजभर फिरली. त्यांनी टेबलाला टिचकी मारली, कपाटाला मारली आणि शेवटी मखराचं खोकं बाजूला करून मला मारली.

धप्प.

“अरे!” आबा म्हणाले. पुन्हा मारली. धप्प. “इला, इकडे ये. हा कोण आहे?”

“हा?” सत्यजित ओरडलाच. “हा माझ्या थीसिसचा डबा! आबा, हा अजून आहे?”

मी आहे, मी आहे, असं मला ओरडावंसं वाटलं.

इलाने माझं दार उघडलं. सरडा तिच्या हातावरून पळाला, ती किंचाळली आणि मग आबांच्या दंडाला धरून खूप हसली. ते लांब कार्ड माझ्यात घालून पाहिलं, तर ते अर्धवट बाहेर राहिलं.

“बसत नाही,” सत्यजित म्हणाला. “शिवाय हा बंद डबा आहे, आत गरम होईल. डबा दुसरा बघू.”

मी खट्टू झालो. पण इला त्या कार्डाकडे बघत विचार करत होती.

“डबा नाही बाबा, कार्ड बदलू. गरम होणारे पार्ट्स घ्यायचेच नाहीत.”

त्या दिवसापासून निवड खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि ती तिघांनी मिळून केली. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. सत्यजितने सगळ्यात चपळ मेंदू सुचवला, इलाने थंड डोक्याचा निवडला. कार्ड लहान घेतलं. त्याचे पंखे काम हलकं असलं की फिरतच नाहीत. माहिती साठवायला फिरणारी तबकडी नको, नुसती चिप हवी, कारण जे हलत नाही ते आवाज करत नाही. पंख्यांपाशी आबा अडून बसले.

“लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरव. वारा तेवढाच आणि धावपळ कमी. आणि स्क्रूखाली रबर घाल, म्हणजे थरथर पत्र्यात उतरणार नाही. पुलाच्या तुळईखाली आम्ही तेच करतो.”

“पुलाखाली रबर असतं?” इलाने डोळे मोठे केले.

“मग काय, नुसता सिमेंटवर ठेवतो वाटतं पूल?”

“हे चालेल का पण, आबा?” सत्यजितने लहान कार्ड हातात घेऊन काळजीने विचारलं.

“आम्हाला पूल बांधायचाय सत्यजित, चंद्रावर नाही जायचं,” आबा म्हणाले. कित्येक आठवड्यांनी त्यांनी चेष्टा केली होती.

पहिला काचेचा डबा आणि ते भलंमोठं कार्ड दुकानात परत गेलं. मला मात्र अंघोळ घातली गेली. इलाने ब्रशने परागांचे थर काढले, जाळ्या झटकल्या, नीलांबरीने दारांचं कापड हळुवार पुसलं. आबा शिंकत शिंकत गंजलेला एक स्क्रू फिरवत राहिले आणि तो निघाल्यावर त्यांनी असा हात वर केला, जणू शत्रूचा किल्लाच पडला. मग एकेक नवा भाग माझ्या पोटात आला. किती वर्षांनी मला भरल्यासारखं वाटलं!

शेवटी सगळी मंडळी गोळा झाली. इलाने बटण दाबलं. पडद्याची जोडणी अजून व्हायची होती, म्हणून सगळे माझ्याकडेच बघत होते. काहीच झालं नाही.

“काय गं, चालू नाही झाला?” नीलांबरी म्हणाली.

“वायर नीट बसली नसेल,” म्हणून सत्यजितने पुन्हा बटण दाबलं. काही नाही. त्याने परत दाबलं. त्याचा चेहरा पडला. “काहीतरी जळलं बहुतेक.”

इला खाली वाकली, माझ्या मागच्या बाजूला तिने तळहात धरला आणि एकदम किंचाळली. “बाबा, हात काढ! तो चालू आहे! चालूच होता! तूच बंद करतोयस, तूच चालू करतोयस!”

मित्रांनो, त्या गॅरेजमध्ये तेव्हा जो हशा पिकला, तेवढा आवाज मी जन्मात कधी ऐकला नव्हता. आबा तर डोळे पुसत होते.

मग मला बैठकीत नेलं. पडदा जोडला. आबा आणि इला शेजारी शेजारी बसले आणि नदी समोर आली. इलाने मुद्दाम आवाज चढवला नाही. नेहमीच्या, साध्या स्वरात ती म्हणाली, “आबा, मधे खांब टाकू का?”

मी तर माझे पंखे जणू श्वास धरून फिरवत होतो.

“मधे?” आबा म्हणाले. “मधे पाण्याला किती ओढ आहे बघ. बाजूला घे. अजून. अगं, तुळई पातळ झाली तुझी, तिच्यावरून सायकल तरी जाईल का!”

“ओके, ओके, रागवू नका!”

“रागवत नाही, शिकवतोय.”

ट्रक आला. पूल मधोमध जरासा वाकला, इलाने आबांचा हात घट्ट धरला आणि ट्रक पलीकडे गेला. पडद्याकडे बघता बघता आबांनी इलाला आपल्या पहिल्या पुलाची गोष्ट सांगितली. ते नोकरीत अगदी नवे होते, थंडीचे दिवस होते. पहिला ट्रक पुलावर चढला तेव्हा सगळे साहेब दूर उभे होते आणि आबा मात्र पुलाखाली जाऊन उभे राहिले होते. आपली चूक असेल तर ती आधी आपल्याच डोक्यावर पडावी म्हणून!

“आबा!” इला म्हणाली. “हे मला आधी का नाही सांगितलंत? कुणी कधी विचारलं नाही?”

“विचारलं असेल गं कुणीतरी,” आबा म्हणाले. “मला ऐकू आलं नसेल.”

नीलांबरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच पुढे आली आणि वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसली. “मी विचारते ना आता,” ती म्हणाली. “पुढे काय झालं?”

आता रविवारी मंडळातली मुलं आबांकडे पूल बांधायला येतात. मंडळाच्या पुढच्या सहलीलाही आबा जाऊन आले आणि परत आले ते बोलून बोलून घसा बसवून.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. माझ्यासारख्यांच्या पोटातली धूळ अधूनमधून झटकत जा आणि जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एक टिचकी मारून बघा. संगणक निवडाल तेव्हा तो किती पळतो हे विचाराच, पण तो कुणाशेजारी बसणार आहे हेही विचारा. आणि तुमच्या घरातलं एखादं माणूस हळूहळू गप्प होत चाललं असेल, तर त्याचं वय झालं असं म्हणून सोडून देऊ नका. आधी घरातला आवाज थोडा कमी करा, जवळ जाऊन बसा आणि मग विचारा.